तिरडीचा नमुना

मोहने,
१२ जानेवारी २०२५

चि. सिद्धेश,

आशीर्वाद. मागचे शिल्लक असतील तर सध्या तेच वापर, नवे निकालानंतर पाठवीन.

पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. कोणी गेलं की आमच्या बुरूड आळीत पेढे वाटतात असा तुमच्या मंडळाचा समज आहे, पण तसं काही नसतं. आमचे वकील, म्हणजे सम्यक, यांनी मला मोबाईलवर लिहायची बंदी घातली आहे. आमच्या बुरुडांच्या संस्थेच्या ग्रुपवर मी एकदाच लिहिलं होतं, की पोर्टलवाल्या साहेबांना आमच्या तिरडीवर अर्धा तास निजवा, आपोआप पसंत पडेल. तुमच्या मंडळाने त्याचा फोटो पहिल्याच तारखेला हायकोर्टात दाखवला, 'शासकीय अधिकाऱ्यांच्या जिवाला धोका' असा मथळा देऊन. तेव्हापासून सम्यकची ताकीद आहे, "आत्या, विरुद्ध पार्टीच्या माणसाला फोन नाही, मेसेज नाही." विरुद्ध पार्टी म्हणजे तू. पत्राबद्दल तो काही बोलला नाही. त्याच्या वयाच्या माणसाला पत्र आठवलंच नसणार.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी कोर्टातल्यासारखं पहिल्यापासून सांगते. तुमच्या अंत्यविधी साहित्य पुरवठा मंडळाला तिरड्या आमचीच संस्था देत आली. स्मशानातून निरोप आला की दादा, म्हणजे तुझा बाप, किंवा शेजारचा गणू जातो, गेलेला माणूस बघतो आणि त्याच्या अंगाप्रमाणे तिथल्या तिथे बांधतो. सुपं, परड्या, रोवळ्या प्लास्टिकने खाल्ल्या, आता आळीतल्या चुली याच कामावर पेटतात. मग तुमच्याकडे कोणाला तरी वाटलं की मेलेल्या माणसावर ऑनलाइन खरेदीवाचून फार अन्याय होतोय.

मी सायबर कॅफेत बसून फॉर्म भरला. एक रकाना होता, वॉरंटी किती. मी लिहिलं, आजन्म. दुसरा होता, विक्रीनंतरची सेवा. मी लिहिलं, अजून कोणी मागितलेली नाही. तिसऱ्यात वापरकर्त्यांची समाधानपत्रं जोडायची होती. तिथे मात्र मी हात टेकले आणि रकाना कोरा सोडला. तरी पोर्टलने घेतलं हो. मशीनला मन मोठं असतं.

अडकलो ते शेवटच्या अटीत. एक तयार नमुना मंडळाच्या भांडारात जमा करा. आता तुला काय सांगायचं? माणूस जाण्याआधी तिरडी बांधायची नाही. बांधलेली रिकामी तिरडी कोणाला तरी मागते, असं तुझा आजा म्हणायचा, आणि आळीत आजवर ते कोणी मोडलेलं नाही. दुसऱ्या बाजूला एका कंपनीने प्लास्टिकची घडीची तिरडी खोक्यात घालून कुरिअरने पाठवली. ती पास झाली आणि आम्ही नापास, कारण 'नमुना सादर करण्यास नकार'. म्हणून हायकोर्ट.

संस्थेतल्या दोघांनी दादाला समजावून पाहिलं की एक बांध, पडून राहील भांडारात. दादा म्हणाला, "बांधतो की. कोणासाठी ते फक्त साहेबांनी नाव लिहून द्यावं." नाव अजून आलेलं नाही.

तू त्याच भांडारात बसतोस. ही अट कोणाच्या डोक्यातून निघाली तेवढं कळव. मला त्या डोक्याला तेल पाठवायचं आहे.

तुझी
रंभाआत्या


बाळकुम, ठाणे
२२ जानेवारी २०२५

ती. रंभाआत्यास,

नमस्कार. चौदाव्या मजल्यावरून जितकं वाकता येतं तितकं वाकून.

तेल वाया जाईल. सरकारी अट कोणाच्या डोक्यातून निघत नाही, ती जुन्या फाइलमधून निघते. मागे आम्ही ऑफिससाठी फिरत्या खुर्च्या घेतल्या होत्या. त्याच अटींमध्ये 'खुर्ची' खोडून 'तिरडी' घातलं. म्हणून वॉरंटी, म्हणून नमुना. पहिल्या मसुद्यात 'बसणाऱ्याच्या कमरेस योग्य आधार मिळावा' असंही राहून गेलं होतं. ते मी काढलं. या राष्ट्रीय कार्यात माझं योगदान तेवढंच.

आता जे सांगतो ते माझ्याकडूनच ऐकलेलं बरं. मंडळाचं सविस्तर उत्तर कोर्टात जाणार आहे आणि त्या शपथपत्रावर सही माझी असेल. भांडारात सही करू शकतील असे तिघे आहोत. एकाला कोर्टाचं नाव काढल्यावर रक्तदाब वाढतो, दुसऱ्याची निवृत्ती तोंडावर आली आहे, तेव्हा तिसरा मी. मजकूर कायदा विभाग लिहितो. मी फक्त शपथ घेतो. तुझं नि माझं नातं मी साहेबांना सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. विचारायला फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

राग मानू नकोस, पण एक नमुना बांधून टाका ना. दोन बांबू, चार कामट्या, थोडी सुतळी. भांडारात मोडक्या खुर्च्यांच्या मागे ठेवून देऊ, कोणी बघणारही नाही. बाबांना सांग, साहेबांचं नाव मिळायचं नाही, त्यासाठी वेगळं टेंडर काढावं लागेल.

आणि एक विनंती आहे. पाकिटाच्या मागे संस्थेचा शिक्का मारू नकोस. इथे खाली वॉचमन सगळ्यांची पत्रं टेबलावर मांडून ठेवतो आणि येणारा-जाणारा वाचतो. आमचा बांबू फर्निचरचा धंदा आहे असं मी इथे सांगितलंय. म्हटलं तर खोटं नाही. फर्निचरच आहे, एकदा वापरायचं. तुझी सून शिवानी म्हणते, लोकांना सगळं कशाला सांगायचं? आमच्या छोट्या सान्वीच्या मैत्रिणी घरी खेळायला येतात. तुला समजेल.

तुझा
सिद्धेश


मोहने,
९ मार्च २०२५

चि. सिद्धेश,

तुझं शपथपत्र सम्यकने वाचून दाखवलं. नववा परिच्छेद मी पुन्हा वाचायला लावला. 'तिरडी बांधणे हे विशेष कौशल्याचे काम नसून कोणतीही सामान्य व्यक्ती ती दहा मिनिटांत बांधू शकते.' खाली तुझी सही. सही छान आली आहे. शाळेत तुझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला असायचे, नोकरीत सुधारलं. शिक्षणाचं चीज झालं.

ती सामान्य व्यक्ती कुठे राहते तेवढं कळव, आम्ही तिला सभासद करून घेतो. आम्हाला असली हुशार माणसं मिळाली नाहीत. तुझी आई गेल्यावर तू माझ्याकडे वाढलास. शाळेतून आलास की दादा तुला कामट्या तासायला बसवायचा आणि सुट्टी लागली की गाठी मारायला. कित्येक वर्षं तेच चाललं होतं. बारावीच्या सुट्टीत तू पहिली बांधलीस, तीही पायाकडे सैल, आणि दादाने सगळी सोडून पुन्हा बांधायला लावली. त्या दहा मिनिटांत हे सगळं बसवलंस, कमाल आहे तुझी.

दादासमोर शपथपत्र वाचायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण त्याने ऐकलं. उठला आणि कोयत्याला धार लावत बसला. हल्ली रोज लावतो. तोडायला काही नाही, धार मात्र अशी आहे की मी जवळ जात नाही.

कंपनीच्या तिरड्या स्मशानात आल्या. पांढऱ्याशुभ्र, क्लिपांच्या. सोबत सूचनापत्रक आहे, चित्रांसहित. परवा एका म्हातारीच्या घरची माणसं चष्मे लावून ते वाचत उभी होती आणि म्हातारी ताटकळत पडलेली. प्लास्टिक जाळता येत नाही, म्हणून माणूस खाली उतरवायचा, तिरडी धुवायची आणि पुढच्याला द्यायची. वॉरंटी कशासाठी मागितली होती ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आता हसू येत नाही असं सांगते. गणू कोलशेतला एका कॉम्प्लेक्सवर वॉचमन म्हणून लागला. त्याच्यासारखी गाठ दादाखालोखाल कोणाची नाही, आणि आता तो गाड्यांचे नंबर लिहून घेतो. पलीकडची दोन घरं कुलपं लावून गावी गेली. जूनमध्ये शेवटची सुनावणी आहे. सम्यक म्हणतो, सगळं तुझ्या नवव्या परिच्छेदावर टेकलंय. हे कसबाचं काम आहे असं कोर्टाला पटलं, तर त्याच्या रीतीही धराव्या लागतील आणि नमुन्याची अट उडेल. नाही पटलं, तर आळी उठली.

पाकिटावर शिक्का मारलेला नाही. मागे 'बांबू फर्निचर, मोहने' एवढंच लिहिलंय. तुझ्या वॉचमनला ऑर्डर द्यायची असेल तर आजन्म वॉरंटी आहे म्हणावं.

रंभाआत्या


बाळकुम,
५ मे २०२५

ती. आत्यास,

नमस्कार. आज टोमण्याला टोमणा द्यायची ताकद नाही. सवयीने एखादा निघाला तर सोडून दे.

आमच्या शेजारचे रतनकाका सत्तावीस एप्रिलला, रविवारी सकाळी गेले. बँकेतून निवृत्त झालेले, मुलगा परदेशात, घरात काकू एकट्या. लिफ्टमध्ये भेटले की मला "काय फर्निचरवाले" म्हणायचे. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मितेश तत्पर माणूस आहे. त्याने मोबाईलवरून अंत्यविधीचा सेट मागवला आणि पिझ्झ्याआधी येतो म्हणून त्याचं कौतुकही केलं. खोकं उघडलं. तीच कंपनी, तीच पांढरी तिरडी, जिच्या वतीने मी शपथ घेतली आहे.

काका सहा फुटांच्या वर. पाय बाहेर यायला लागले. नमुना पास करताना त्यावर कोणी निजून पाहिलं नव्हतं, तू ग्रुपवर सुचवलं होतंस तसं. मितेश म्हणाला, "गुडघ्यातून थोडे फोल्ड करू या का?" काकू तिथेच बसल्या होत्या. कसंबसं उचललं, आणि दारातच क्लिप तुटली. काका खाली आले. फार उंचावरून नाही, पण आवाज झाला. काकूंनी वर पाहिलं, आणि त्यांच्याकडे बघायची एकाचीही हिंमत होईना.

मी खाली गेलो. बिल्डिंगला रंगाची परांची लागली आहे, तिचे दोन बांबू सोडवून घेतले. वॉचमनकडे नारळ फोडायचा कोयता होता. सुतळी शिवानीने दिली, न विचारता. काकांच्या अंगाचं माप नजरेनेच घेतलं आणि पॅसेजमध्ये मांडी घालून बांधायला बसलो. कामट्या नीट निघेनात, कोयता बोथट, हाताला सवय राहिली नाही. पाऊण तास लागला. मी शपथेवर सांगितलेली सामान्य व्यक्ती त्या पॅसेजमध्ये बरीच उभी होती, पण पुढे कोणी आलं नाही.

मग कोणीतरी विचारलं, "तुम्हाला हे कसं येतं?" मी म्हटलं, "घरचं काम आहे." तोंडातून निघून गेलं. इतकी वर्षं सांभाळलेलं फर्निचर तिथेच मोडलं.

मितेशने व्हिडिओ काढला आणि 'आपल्या बिल्डिंगचा हिरो' म्हणून ग्रुपवर टाकला. दोन-तीन दिवस जोडलेले हात आणि अंगठे येत राहिले. आता सान्वीची मैत्रीण खेळायला येत नाही. तिची आई म्हणाली, परीक्षा आहे. दुसरीतल्या मुलीची, मे महिन्यात. सान्वी रोज दारात उभी राहून विचारते, हिची परीक्षा संपली का? शिवानी भांडी जोरात घासते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. हा व्हिडिओ सम्यकच्या हाती पडला तर मंडळाच्या अधिकाऱ्याने खोटी शपथ घेतली हे उघड होईल. नोकरी जाईल, आणि खटला झाला तर पुढेही कोणी उभं करणार नाही. आत्या, तो कोर्टात देऊ नका. मी भीक मागतोय असं समज.

सिद्धेश


मोहने,
११ मे २०२५

चि. सिद्धेश,

व्हिडिओ तुझ्या पत्राच्या आधी पोचला. गणूला त्याच्या कॉम्प्लेक्समधल्या एका साहेबाने दाखवला, "बघ, आता शिकलेली माणसंही हे करायला लागली" म्हणून. गणूने बघितलं, साहेबाला सलाम ठोकला आणि ड्युटी संपवून थेट आळीत आला. सगळ्यांनी एकाच मोबाईलवर डोकी घालून पाहिला.

दादाने दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा म्हणाला, "पायाकडे अजून सैलच सोडतो." मग कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन बसला आणि चहा पिणाऱ्या प्रत्येकाला मोबाईल दाखवत होता, माझा मुलगा आहे म्हणून. ज्यांना दाखवला त्यातले निम्मे त्याला ओळखतही नाहीत. मोबाईल माझा, आणि तो मला संध्याकाळपर्यंत परत मिळाला नाही.

सम्यकला इतका आनंद झाला की त्याने मला मोबाईल वापरायची परवानगी देऊन टाकली. मी म्हटलं, नको, पत्रच बरं. संस्थेची सभा झाली. सगळे एकमताने म्हणाले, कोर्टात लावा. सचिव म्हणून कागदावर सही माझी लागते. मी म्हटलं, पेन सापडत नाही. माझं पेन कुठे असतं ते आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण कोणी शोधून दिलं नाही. माणसं बरी आहेत आपली.

गणूची बायको काल माझ्या दारात येऊन बसली. तांदूळ निवडून दिले आणि गेली. मला तिच्या तोंडाकडे बघवलं नाही. सिद्धेश, तुला वाढवलं ते कोर्टात उभं करून फाडायला नाही. आणि या माणसांनी मला सचिव केलं ते भाच्याला पदराखाली घालायला नाही. दोन्ही बाजूंनी माझाच जीव जातोय आणि तुमचं मंडळ त्याचीही तिरडी ऑनलाइन मागवील. मला तुझा राग आहे. फार राग आहे. तरी सही करवत नाही.

सुनावणी अठरा जूनला आहे. पेन किती दिवस हरवलेलं राहील ते मला सांगता येत नाही. तुला काही सुचलं तर लिही.

रंभाआत्या


बाळकुम,
२१ जून २०२५

ती. आत्यास,

नमस्कार.

सम्यकने निकाल सांगितलाच असेल, तरी विरुद्ध पार्टीची बाजूही ऐकून घे. तू शेवटपर्यंत सही केली नाहीस हे मला कोर्टात शिरल्याबरोबर त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. इतका पडलेला चेहरा मी फक्त आमच्या रोखपालाचा, ऑडिटच्या दिवशी, पाहिला आहे. तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण काय द्यायचं ते अठरा तारखेपर्यंत मलाच ठरवता येत नव्हतं.

मंडळाने मोठ्या हौसेने कंपनीचा नमुना कोर्टात आणला होता. आमच्या वकिलांची कल्पना. उघडून, क्लिपा लावून, बाकांच्या मधल्या वाटेत ठेवला. गेले सहा महिने जो नमुना देता येत नाही म्हणून तुम्ही अडाणी ठरलात, तो असा तयार, स्वच्छ आणि रिकामा. बाकांवरची माणसं हळूहळू सरकायला लागली. एक बाई लेकराला उचलून बाहेर गेली. न्यायमूर्ती बसले, त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "हे आधी इथून हलवा." शिपाई पुढे आला आणि थांबला. त्याने दुसऱ्या शिपायाकडे पाहिलं, दुसऱ्याने पोलिसाकडे. आमच्या वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या पुराव्याला हात लावायला त्यांचाही हात होईना.

शेवटी मी उठलो. घडी घातली, बाहेर भिंतीला लावून ठेवली आणि परत आलो. न्यायमूर्तींनी विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, नवव्या परिच्छेदावर सही माझी आहे, आणि तो परिच्छेद खोटा आहे. मी बुरुडाचा मुलगा आहे. वडिलांनी मला हे काम वर्षानुवर्षं शिकवलं, तरी ते मला त्यांच्यासारखं येत नाही. एप्रिलमध्ये मी एक बांधली, माणूस गेल्यावर. त्याआधी बांधत नाहीत. का ते आत्ता सगळ्यांनी पाहिलंच.

धीट वगैरे झालो असं समजू नकोस. सम्यक घाईने उठला. न्यायमूर्तींनी त्याला बसायला सांगितलं आणि आमच्या वकिलांना विचारलं, आता तुम्हाला आणखी काही म्हणायचं आहे का? त्यांना नव्हतं.

नमुन्याची अट गेली. नव्या अटी होईपर्यंत काम संस्थेकडे. गणूला सांग, गाड्यांचे नंबर दुसरा कोणी लिहील.

माझं निलंबनाचं पत्र संध्याकाळच्या आत हातात पडलं. मंडळाचं इतकं जलद काम मी नोकरीत प्रथमच पाहिलं. चौकशी होईल, कदाचित कोर्टही खोट्या शपथेबद्दल विचारील. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. शिवानी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "बाबांना इथे कधी आणायचं?" ते आजवर या घरी आलेले नाहीत, आणि का आले नाहीत ते तिला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

खाली लॉबीत एक पांढरा फलक आहे. प्लंबर, गॅस, रुग्णवाहिका, सर्पमित्र यांचे नंबर त्यावर असतात. काल शेवटी एक ओळ वाढलेली दिसली, 'तिरडी – सिद्धेश, १४०३', आणि माझा मोबाईल. कोणी लिहिली ते मी विचारलं नाही. तिकडे सान्वीच्या मैत्रिणीची परीक्षा काही संपत नाही, आणि इकडे माझी नेमणूक झाली आहे, सापवाल्याच्या खालोखाल. शिवानी ओला फडका घेऊन निघाली होती. मी तिला थांबवलं. खाली जाऊन माझं नाव तसंच ठेवलं, पुढे 'यांची आळी, मोहने' असं लिहिलं, आणि १४०३ नि माझा मोबाईल पुसून तुझा नंबर घातला.

बाळकुमहून कोणाचा फोन आला तर आढेवेढे घेऊ नकोस. सरळ सांग, सिद्धेशची आत्या बोलतेय.

तुझा
सिद्धेश